चित्र, भावना आणि आठवण : सोळाव्या लेण्यातल्या सुंदरीच्या निमित्तानं



विषय आम्हाला पत्रानं कळवला तो असा : 'चित्रकला – भावना व्यक्त करण्याचं आणि आठवणी जपण्याचं साधन.' विषय चांगला आहे. भांडायला जागा ठेवणारा विषय चांगलाच म्हणायचा. (हशा) तत्त्वज्ञानाच्या वर्गात उभी हयात काढल्यामुळे वाक्यातला एखादा गरीब दिसणारा शब्द धरून बसायची आम्हाला खोड आहे. इथं तो शब्द 'साधन' हा आहे. साधन म्हटलं की साध्य त्याच्या आधी ठरलेलं असतं. म्हणजे भावना मनात आधीच तयार असते, मग आपण ब्रश उचलतो आणि ती कागदावर उतरवतो. आठवणही आधीच असते, ती आपण चित्रात ठेवतो, लोणचं बरणीत ठेवावं तशी. बरणी कोरडी असली, तोंडाला दादरा बांधला, की वर्षभर चिंता नाही. चित्राबद्दल आपण सगळे असंच बोलतो. आम्हीही बोलत आलो, वर्गात शिकवतही आलो. पण हे बरणीचं चित्र काही खरं नाही, असं अलीकडे आम्हाला वाटायला लागलंय. ते का, एवढंच आज सांगायचं आहे.

शंका घरातच उपजली, म्हणून घरापासून सुरू करतो. आमची आई १९५७ साली गेली. आम्ही तिघं भावंडं. ताई १२ वर्षांची, आम्ही मधले, ८ वर्षांचे, आणि धाकटा ३ वर्षांचा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात फोटो ही तेव्हा फक्त लग्नात काढायची गोष्ट. आईचा एकुलता एक फोटो तिच्या लग्नातल्या घोळक्यातला, आणि त्यात तिनं मान इतकी खाली घातलेली की भांगाशिवाय काही दिसत नाही. मग दादांनी तालुक्याच्या पेंटरला बोलावलं. दुकानांच्या पाट्या आणि तंबू टॉकीजचे बोर्ड रंगवणारा हा गडी. त्यानं आईला कधी पाहिलेलं नव्हतं. धाकटी मावशी चेहऱ्यानं आईच्या जवळची, तेव्हा तिला समोर बसवलं, आणि घरातली मंडळी आजूबाजूनं सांगत राहिली : नाक याहून जरा बारीक, कपाळ याहून मोठं, वर्ण उजळ. चार-पाच दिवसांत चित्र झालं. बोर्डांवर बसलेला हात. आईचे डोळे थोडे नटीसारखे झाले. पण सगळ्यांना आवडलं.

ताईनं मात्र एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे हात आईचे नाहीत."

आईच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. तव्याचा चटका. मावशी म्हणाली, "अगं, डाग कशाला काढायचा? गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं राहावं." पेंटर कुणाच्याच बाजूनं बोलला नाही. त्यानं ताईला जवळ बोलावलं, "कुठं होता, दाखव बाळ," असं विचारलं, आणि ती दाखवेल तिथं बारीक ब्रशनं चिंचोक्याएवढा तपकिरी डाग उमटवला.

आता अडचण अशी आहे. आईचा चेहरा आठवायला गेलं की आम्हाला ते चित्र आठवतं. मावशीचं नाक आणि नटीचे डोळे. त्याच्यामागे आणखी एक चेहरा असायला हवा, पण तो हाताला लागत नाही. मग चित्रानं आठवण जपली, की आठवणीची जागा बळकावली? आमच्या धाकट्या भावाला ही अडचण मुळीच नाही. तो छातीठोकपणे सांगतो, आई अशीच होती. तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार! पण त्याच्याशी आम्ही कधी वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार?

आपल्या भिंतीवरच्या चित्राची समीक्षा आपल्याला जमत नाही. ते फार जवळचं असतं. म्हणून हा प्रश्न घेऊन लांबच्या चित्राकडे जाऊ. लांबचं काळानं, नाहीतर संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघालं तर जेवायच्या आत अजिंठा.

सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरवून घेतलं. तसा शिलालेख तिथंच आहे, वा. वि. मिराशींनी वाकाटकांवर जे काम केलं त्यामुळे आपल्याला तो नीट वाचता येतो. आतल्या भिंतीवर एक प्रसंग आहे. एक उच्चकुलीन स्त्री मंचकावर बसली आहे. बसली आहे म्हणायचं, पण तिचं बसणं सुटलेलं आहे. मान कलंडली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, एक हात उशीवर टेकलेला. मागून एक दासी तिला सावरते आहे. एकीचा हात छातीशी गेला आहे, एक पंख्यानं वारा घालते आहे, दारातून पांढरी टोपी घातलेला म्हातारा आत डोकावतो आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकांनी या चित्राला 'मरणोन्मुख राजकन्या' म्हटलं आणि ते नाव पाठ्यपुस्तकांपासून गाइडच्या तोंडापर्यंत सगळीकडे रुजलं.

ती मरत नाहीये. पुढे अभ्यासकांनी ओळखलं की ही नंदाची बायको, सुंदरी. अश्वघोषाच्या 'सौन्दरनन्द' काव्यातली. गोष्ट थोडक्यात अशी : नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. नवराबायको शृंगारात दंग आहेत, ती गालावर नक्षी रेखते आहे, तो तिच्यापुढे आरसा धरून उभा आहे. तेवढ्यात बुद्ध दाराशी येऊन भिक्षा न मिळताच निघून गेल्याचं कळतं. नंद शरमतो, भेटून येतो म्हणतो. ती एका अटीवर जाऊ देते : गालावरचा ओला रंग वाळायच्या आत परतायचं. तो परतत नाही. त्याचं मुंडन होतं, तो भिक्षू होतो. आणि चित्रात नंदाचा मुकुट घेऊन एक माणूस परत आलेला आहे, एकटाच. मुकुट आला आणि डोकं आलं नाही, एवढंच त्या घराला कळलंय.

या चित्रात कुणीही रडत नाही, हे आधी पाहा. अश्रू नाहीत, ऊर बडवणं नाही, उघडं तोंड नाही. चित्रकारानं सगळा भर तिच्या वजनावर ठेवला आहे. माणूस शुद्धीवर असताना स्वतःचं वजन स्वतः उचलतो, ते आपल्या लक्षातही येत नाही. हिनं ते सोडून दिलं आहे आणि भोवतालच्या बायांनी ते वाटून घेतलं आहे. म्हणून दुःख एका चेहऱ्यात अडकत नाही. ते धरणाऱ्या हातांत आहे, पंख्याच्या वाऱ्यात आहे, दारातल्या म्हाताऱ्याच्या अवघडलेपणात आहे. त्याला आत यायचंही नाही आणि जायचंही नाही. आपल्याकडे कुणी गेल्याची बातमी घेऊन आलेला माणूस असाच उंबऱ्याशी घोटाळतो.

बरं, हे दुःख कुणाचं? सुंदरीचं म्हणावं तर ती गोष्टीतली. चित्रकाराचं म्हणावं तर त्याची बायको घरी ठणठणीत असेल. तो मजुरीनं आणलेला कारागीर. भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि लांबून आणलेला लाजवर्दी निळा, असं त्याचं काम. लेण्यात उजेड बेताचा. टॉल्स्टॉयनं 'कला म्हणजे काय' या पुस्तकात म्हटलं की कलावंताला आलेली भावना बाह्य खुणांतून दुसऱ्याला लागण व्हावी तशी लागते. आता इथं लागण होते, हे खरंच. आम्ही तिथं शाळेच्या पोरांना गप्प झालेलं पाहिलंय. पण मुळात आजारी कोण होतं, ते सापडत नाही. (हशा)

आपल्या परंपरेत हा घोटाळा कमी आहे. भरतानं भाव नटाच्या पोटात शोधायला सांगितलं नाही. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांची जुळणी करायची. ग्लानी आणि मोह हे तर त्यानं यादीतच दिलेत. जुळणी साधली की रस. अभिनवगुप्त पुढे जाऊन सांगतो की या रसात 'हे माझं', 'हे परक्याचं' हा हिशेब गळून पडतो. म्हणजे सुंदरीचा शोक आपल्याला आपला म्हणून होत नाही आणि परक्याचा म्हणूनही होत नाही. हे उत्तर आम्ही वर्गात कितीतरी वर्षं दिलं. दिलं, पण त्यात एक सोय आहे. कथेतल्या दुःखाला ते छान लागू पडतं. ज्याचं स्वतःचं माणूस गेलंय आणि ज्याच्या हातात ब्रश आहे, त्याचं काय? तिथं 'माझं-परक्याचं' कसं गळणार?

यासाठी देश आणि काळ दोन्ही सोडून जरा पुढे जावं लागेल. ५ सप्टेंबर १८७९. फ्रान्समधलं व्हेतेय नावाचं गाव. क्लोद मोने या चित्रकाराची बायको कामीय मोठ्या आजारानं गेली. वय ३२. पदरात दोन मुलं, घरात पैशाची ओढाताण. मोनेनं तिच्या मृत्युशय्येशी बसून तिला रंगवलं. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पुष्कळ वर्षांनी त्यानं आपला मित्र क्लेमांसो, म्हणजे फ्रान्सचे पंतप्रधान झाले तेच, याला सांगितलं आणि क्लेमांसोनं ते लिहून ठेवलं. मोनेच्या सांगण्याचा आशय असा : इतक्या जिवाच्या माणसाच्या अंगाशी बसलेलो असताना आपली नजर तिच्या कपाळाच्या बाजूला मृत्यूनं आणलेल्या रंगांचा क्रम शोधते आहे, निळा, पिवळा, राखाडी, हे अचानक आपल्याच लक्षात आलं. चेहरा कायमचा राहावा म्हणून बसलो होतो खरं, पण त्या आधीच डोळा सवयीनं आपल्या कामाला लागला होता. घाण्याला जुंपलेल्या जनावरासारखी आपली गत झाली, अशा अर्थाचं तो बोलला. त्याला त्याची लाज वाटत होती.

आमच्या मते त्यानं लाजायचं कारण नव्हतं. चित्र बघितलं तर पटेल. चेहरा वरच्या भागात, कापडात गुंडाळलेला, लहानसा. बाकी सगळ्या पृष्ठभागावर जांभळट, निळे, पांढरे फटकारे, वरून बर्फ पडत राहावं तसे. चेहरा त्या फटकाऱ्यांखाली जातो आहे. थोडा वेळ बघत राहिलं की वाटतं, आपण पापणी मिटली तर तो आणखी खाली गेलेला असेल. आता सांगा, इथं दुःख वेगळं आणि रंगांचा क्रम वेगळा, असं करता येतं का? कॉलिंगवुड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९३८ साली लिहिलं की अभिव्यक्तीच्या आधी आपली भावना कुठली हे आपल्यालाच ठाऊक नसतं, नुसती घालमेल असते. व्यक्त करता करता ती कुठली ते कळतं. हुंदका फुटणं ही अभिव्यक्ती नव्हे. हुंदका सगळ्यांचा सारखाच. मोनेचं दुःख त्याला कुठं सापडलं, तर त्या निळ्या-पिवळ्या-राखाडी क्रमात. आधी दुःख घेऊन तो बसला आणि मग त्याला रंग दिले, असं घडलेलं नाही.

मर्ढेकरांची आठवण इथं येणारच. 'सौंदर्य आणि साहित्य'मधले मर्ढेकर लौकिक भावनांना चित्राच्या दारात उभं करत नाहीत; रंगारंगांमधले संवाद, विरोध, समतोल, बस्स. मोनेचा डोळा जे करत होता ते मर्ढेकरांना पसंत पडलं असतं. पण ती कामीय होती, हे त्यांनी हिशेबात धरलं नसतं, आणि तिथं आमचं त्यांच्याशी जमत नाही. तो फटकारा रंगांच्या समतोलासाठी जिथं हवा तिथं आहे, आणि एका बाईचा चेहरा झाकणारा म्हणूनही तिथंच हवा आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे सौंदर्याच्या कल्पनेचे दोन ध्रुव मानले, एकानं दुसऱ्याला गिळायचं नाही. सोयीची तडजोड म्हणून आम्ही त्याला पूर्वी नाकं मुरडली होती. या चित्रापुढे ती तडजोड वाटत नाही.

आणि मौज पाहा, विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या 'चित्रसूत्रा'त चित्रकाराची एक परीक्षा सांगितलेली आहे. झोपलेल्या माणसात चेतना दाखवता येते आणि मेलेल्यात ती नाही हे दाखवता येतं, त्याला चित्र कळलं म्हणायचं. दोघंही पडलेलेच, डोळे दोघांचेही मिटलेले. फरक कुठं करणार? सुंदरीच्या चित्रकारानं तो केला आहे. तिची मान पडली आहे पण गळ्यातला ताण पुरता गेलेला नाही. सावरणारी दासी जिवंत वजन धरते आहे. 'मरणोन्मुख' नाव ठेवणाऱ्या साहेबांनी प्रेम पुष्कळ केलं त्या चित्रावर, पण या परीक्षेत ते नापास. (हशा) कामीयच्या चित्रात मात्र ताण सगळा ब्रशमध्ये आहे, अंगात काही उरलेलं नाही.

त्याच 'चित्रसूत्रा'त आणखी एक नियम आहे. राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत एवढ्याच रसांची चित्रं असावीत. करुण वगैरे बाकीचे रस राजसभेत आणि देवळात. शास्त्रकारांना माणसांची दया असावी. रोज उठून करुण कोण बघणार? आमच्या मावशीनं हे पुराण वाचलेलं नव्हतं, पण तिचं म्हणणं तेच होतं : डाग कशाला? घरात शांत रस हवा. आपल्या घराघरांत हार घातलेले फोटो आहेत ते पाहा. सगळे शांत, सगळे उजळलेले, सगळ्यांचे डोळे कुठंच न बघणारे. त्या तसबिरी वाईट म्हणून आम्ही बोलत नाही, त्यांचं काम निराळं आहे. पण आठवण ठेवायचं काम त्या फारसं करत नाहीत, पूजेचं करतात.

आता आठवणीकडे. अजिंठ्याची चित्रं जपण्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. मद्रास फौजेतले रॉबर्ट गिल १८४०च्या दशकात तिथं आले आणि त्यांनी वर्षानुवर्षं तैलरंगात प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या असताना १८६६च्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा प्रती करत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. त्या प्रती साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या. तिथं १८८५ साली आग लागली आणि पुष्कळशा जळाल्या. जपायला म्हणून लांब नेलेलं जळालं, आणि जिथं वाघळं आणि पाणी होतं तिथलं टिकलं. अगदीच टिकलं असंही नाही. मूळ चित्रांवर रंग खुलावेत, पोपडे धरून राहावेत म्हणून वेळोवेळी व्हार्निश चढवलं गेलं. ते पुढे पिवळं पडलं, तपकिरी झालं आणि खालचे रंग त्यात बुडाले. ज्यांनी लावलं त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना मावशीसारखंच वाटलं, चांगलं दिसावं.

ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी मात्र एक मिळवलं, ते जळालं नाही. तेरा वर्षं त्या भिंतींसमोर उभं राहून हात कसा वळतो, बोट कसं सुटतं हे त्यांना आपल्या हातानं पुन्हा करावं लागलं. आम्हाला इथं आठवणीच्या कामाचा खरा धागा सापडतो. चित्रात आठवण ठेवलेली नसते. चित्र आपल्याला काहीतरी पुन्हा करायला लावतं, आणि ते करताना जे वर येतं त्याला आपण आठवण म्हणतो. आमच्या आईच्या चित्रातला चेहरा आम्हाला काहीच करायला लावत नाही. तो पूर्ण आहे, गुळगुळीत आहे, त्याच्यावरून नजर घसरते. मनगटाचं तसं नाही. तो डाग पाहिला की ती भाकरी थापते आहे, परातीत पीठ आहे, पिठानं डाग पांढरा होतो आणि पाण्याचा हात लावला की परत उघडा पडतो, एवढं सगळं दिसतं. ते कुठल्याच चित्रात नाही. आता यावर तुम्ही विचाराल की हे तुम्हाला आठवतं कशावरून, ताईनं सांगितलेलं कशावरून नाही? रास्त प्रश्न आहे. आम्ही तो स्वतःला विचारला आणि उत्तर मिळालं नाही. पण चेहऱ्याबद्दल असा प्रश्नसुद्धा पडत नाही, हा फरक तर राहतोच.

आज हा विषय घ्यायला एक कारण घडलं, ते सांगून थांबतो. दोन वर्षांपूर्वी चित्राचे पोपडे निघू लागले. पुतण्या हुशार, कॉम्प्युटरमधला. त्यानं चित्राचा मोठा फोटो काढून एका ठिकाणी दुरुस्तीला पाठवला. आठवड्यात नवा छापील कॅनव्हास आला, सोनेरी फ्रेमसकट. रंग ताजे, भेगा गेलेल्या, आईच्या डोळ्यांत चमक. आणि मनगट स्वच्छ. कॅनव्हासवरचे सगळे डाग काढा, असं त्यांना सांगितलं होतं, त्यांनी काढले. पुतण्याला आम्ही काही बोललो नाही, त्यानं प्रेमानंच केलं. धाकट्याला नवं चित्र फार आवडलं, ते त्याच्या दिवाणखान्यात आहे, आणि त्याच्या नातवंडांची पणजी आता तीच.

जुनं आमच्याकडे आहे. खिडकीचं ऊन लागू नये म्हणून आतल्या खोलीत लावलंय. ताई आता ऐंशीची झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक दिसत नाही. दिवाळीत आली की चप्पल काढून थेट आत जाते, चष्मा पदरानं पुसते आणि चित्राच्या खालच्या डाव्या बाजूला वाकून बघते. मग बाहेर येऊन म्हणते, "आहे. चहा टाका."